एनएचएल प्लेऑफ: मानांकन डिव्हिजनवर हवं की कॉन्फरन्सवर?

हिमसागर (धागाकर्ता)

आधीच सांगतो, नाहीतर पहिल्या पाच प्रतिसादांत ध्यानचंद येतील: हा धागा बर्फावरच्या हॉकीचा, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या एनएचएलचा आहे.

सध्याची पद्धत २०१३-१४ पासूनची. ३२ संघ, ईस्टर्न आणि वेस्टर्न अशा दोन कॉन्फरन्स, प्रत्येकीत दोन डिव्हिजन. पूर्वेला अटलांटिक आणि मेट्रोपॉलिटन, पश्चिमेला सेंट्रल आणि पॅसिफिक. प्रत्येक डिव्हिजनचे पहिले तीन संघ थेट प्लेऑफमध्ये. उरलेल्यांतून प्रत्येक कॉन्फरन्समधले सर्वाधिक गुणांचे दोन 'वाइल्ड कार्ड' म्हणून आत, मग ते कुठल्याही डिव्हिजनचे असोत. दोन डिव्हिजन विजेत्यांपैकी जास्त गुणांचा जो, त्याला दुसरं (म्हणजे कमी गुणांचं) वाइल्ड कार्ड. दुसऱ्या विजेत्याला पहिलं. आणि प्रत्येक डिव्हिजनमधले क्रमांक दोन व तीन पहिल्याच फेरीत एकमेकांसमोर.

भांडण या शेवटच्या वाक्यावरून आहे.

२०१६-१७ चा मेट्रोपॉलिटन डिव्हिजन बघा. वॉशिंग्टन ११८, पिट्सबर्ग १११, कोलंबस १०८. अख्ख्या लीगमधले पहिला, दुसरा आणि चौथा. पिट्सबर्ग आणि कोलंबस पहिल्या फेरीत भिडले, कोलंबस घरी. पिट्सबर्ग दुसऱ्या फेरीत वॉशिंग्टनसमोर, वॉशिंग्टन घरी. त्याच वेळी शेजारच्या अटलांटिकमध्ये ९८ गुणांचं ओटावा दुसऱ्या क्रमांकावर बसून कॉन्फरन्स फायनलपर्यंत पोचलं.

माझं मत सरळ आहे. कॉन्फरन्सचे आठ संघ गुणांनुसार १ ते ८ लावा. पहिला विरुद्ध आठवा, दुसरा विरुद्ध सातवा, असं खाली या. टोरांटोला २०२२ मध्ये ११५ गुण मिळवून पहिल्या फेरीत गतविजेतं टँपा मिळालं, तो प्रकार तरी टळेल. बोला.

निळीरेष

धागा चांगला आहे, पण तीन वेगळे प्रश्न एका पिशवीत कोंबलेत. ते सुटे केले नाहीत तर दोनशे प्रतिसाद होतील आणि कुणी कुणाशी बोलत नसेल.

एक, आत कोण येणार? दोन, पहिल्या फेरीत कोणासमोर कोण? तीन, पहिली फेरी संपल्यावर ब्रॅकेट (पुढच्या फेऱ्यांत कोण कोणाला भेटणार याचा आधीच आखलेला तक्ता) तेच ठेवायचं की उरलेल्या संघांची पुन्हा क्रमवारी लावायची? लीगने इतिहासात या तिन्ही किल्ल्या वेगवेगळ्या फिरवून पाहिल्यात.

१९८०, १९८१: २१ पैकी १६ संघ, डिव्हिजन-कॉन्फरन्स काही न बघता लीगभर १ ते १६.

१९८२ ते १९९३: शुद्ध डिव्हिजन. अ‍ॅडम्स, पॅट्रिक, नॉरिस, स्माइथ अशा चार डिव्हिजन. प्रत्येकीतले पहिले चार आत, आपसातच दोन फेऱ्या. वाइल्ड कार्ड नाहीच.

१९९४ ते २०१३: कॉन्फरन्समध्ये १ ते ८, पण डिव्हिजन विजेत्यांना वरच्या जागा राखीव, आणि प्रत्येक फेरीनंतर नवी क्रमवारी.

२०१४ पासून आजची पद्धत. मध्ये २०२० आणि २०२१ ही महामारीची दोन वर्षं अपवाद.

शुद्ध डिव्हिजन किती वाईट असू शकतो त्याचं कायमचं उदाहरण १९८७-८८. नॉरिसमध्ये टोरांटो ८० सामन्यांत ५२ गुण घेऊन चौथं, म्हणून प्लेऑफमध्ये. पॅट्रिकमध्ये सहाही संघ ८१ ते ८८ गुणांच्या पट्ट्यात. तिथे न्यूयॉर्क रेंजर्स ८२ गुणांवर बाहेर (न्यू जर्सीचेही ८२, पण विजय जास्त), पिट्सबर्ग ८१ वर बाहेर. वाइल्ड कार्ड आल्यामुळे आज इतकं टोकाचं क्वचितच होऊ शकतं. म्हणजे पहिली किल्ली बऱ्यापैकी दुरुस्त झाली आहे. तुमची तक्रार दुसरीबद्दल आहे, आणि माझ्या मते खरा रोग तिसरीत आहे.

त्या काळच्या पद्धतीला एक तर्क मात्र होता. वेळापत्रक. पाच संघांच्या डिव्हिजनमध्ये प्रत्येक भावकीशी ८ सामने, म्हणजे ८० पैकी ३२. सहा संघांच्या पॅट्रिकमध्ये प्रत्येकाशी ७, म्हणजे ३५. चाळीस टक्के किंवा जास्त सामने घरातच होत असतील तर घरातली क्रमवारी हाच खरा निकष. आज ८२ पैकी डिव्हिजनमधले सामने २६ आहेत (पाच संघांशी ४, दोघांशी ३). कॉन्फरन्सच्या दुसऱ्या डिव्हिजनशी २४ (आठ गुणिले तीन), पलीकडच्या कॉन्फरन्सशी ३२. आता गंमत बघा: अटलांटिकचा संघ अटलांटिकशी २६ आणि मेट्रोशी २४ सामने खेळतो, मेट्रोचा बरोबर उलटे. फरक मुळात दोन सामन्यांचा! तरीही मानांकनात असा आव, जणू दोन वेगळ्या लीगचे गुण आहेत आणि त्यांची तुलनाच करता येत नाही.

पाणीपुरी_पेनल्टी

बाळबोध प्रश्न. आयपीएलमध्ये दहा संघ, एक तक्ता, वरचे चार आत, पहिल्या दोघांना हरलं तरी दुसरी संधी. इतकं सोपं इथे का नाही? कॉन्फरन्स हवीच कशाला?

हिमसागर

@पाणीपुरी_पेनल्टी, आयपीएलच्या प्लेऑफमध्ये चार सामने असतात. इथे १५ मालिका, प्रत्येक सातांपैकी चार जिंकण्याची. मालिकेचा आराखडा २-२-१-१-१: दोन सामने वरच्या संघाच्या घरी, दोन खालच्याच्या, मग एकेक आलटूनपालटून. सातव्या सामन्यापर्यंत गेली तर संघांना चार वेळा गाव बदलावं लागतं. लीगभर १ ते १६ लावले तर पहिल्याच फेरीत व्हँकुव्हर विरुद्ध फ्लोरिडा निघू शकतं. खंडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, तीन तासांच्या वेळफरकासकट. कॉन्फरन्स आहे ती त्यासाठी.

पॉवरप्ले

मी डिव्हिजनच्या बाजूने. एकटा पडणार हे माहीत आहे, तरी.

पहिलं म्हणजे, "जुनं १ ते ८ किती न्याय्य होतं" हे स्मरणरंजन आहे. २०१२ चा पूर्वेचा तक्ता काढा. रेंजर्स १०९, बोस्टन १०२, आणि तिसऱ्या जागेवर फ्लोरिडा ९४. का? साउथईस्ट डिव्हिजन जिंकला म्हणून. १०८ गुणांचं पिट्सबर्ग, जे गुणांनी पूर्वेत दुसरं, ते चौथ्या जागी, आणि समोर १०३ गुणांचं फिलाडेल्फिया. त्याच वर्षी ९४ गुणांच्या फ्लोरिडाला १०२ गुणांच्या न्यू जर्सीविरुद्ध घरच्या बर्फाचा फायदा. सातवा सामना फ्लोरिडात झाला. (न्यू जर्सीने तो दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये जिंकला ही गोष्ट वेगळी.) म्हणजे दोन बलाढ्य संघ पहिल्या फेरीत एकमेकांना संपवतात हा काही २०१४ नंतरचा शोध नाही.

दुसरं, टाइमझोन. सेंट्रलमधले बहुतेक संघ सेंट्रल टाइममध्ये, फक्त कोलोरॅडो आणि युटा माउंटनमध्ये. पॅसिफिकमध्ये कॅल्गरी-एडमंटन माउंटनमध्ये, बाकी पॅसिफिक टाइममध्ये. व्हँकुव्हरला संध्याकाळी ७ ला सुरू झालेला सामना डॅलसमध्ये ९ ला सुरू होतो आणि ओव्हरटाइम लागला तर मध्यरात्र उलटते. पोरंबाळं झोपतात, टीव्हीचे आकडे पडतात. २०१३ ची फेररचना मुळात याच दुखण्यावर होती: डेट्रॉइट आणि कोलंबस ईस्टर्न टाइममध्ये असून पश्चिमेत अडकले होते, आणि अटलांटातून हललेलं विनिपेग कॅनडाच्या प्रेअरीत असून साउथईस्ट डिव्हिजनमध्ये!

तिसरं, वैर. प्लेऑफ वैरावर चालतं. वॉशिंग्टन आणि पिट्सबर्ग २०१६, १७, १८ अशी सलग तीन वर्षं दुसऱ्या फेरीत भेटले. पहिल्या दोन वेळा पिट्सबर्ग, तिसऱ्यांदा वॉशिंग्टन, आणि तिन्ही वेळा त्या मालिकेचा विजेताच पुढे स्टॅन्ले कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, घेऊन गेला. हे नाट्य १ ते ८ मध्ये नशिबावर सोडावं लागतं. कमिशनर गॅरी बेटमन या पद्धतीची जाहीर पाठराखण करतात ती उगाच नाही.

एकटा_गोली

टाइमझोनचा मुद्दा अर्धाच खरा. पूर्वेचे सोळाच्या सोळा संघ एकाच, ईस्टर्न टाइममध्ये आहेत. तिथे १ ते ८ लावल्याने घड्याळ एका मिनिटाने हलत नाही. आणि प्रवासाचं म्हणाल तर अटलांटिक डिव्हिजनमध्ये मॉन्ट्रियल, ओटावा, बोस्टनबरोबर फ्लोरिडातले दोन संघ आहेत. मॉन्ट्रियल-टँपा ही 'स्थानिक' लढत आणि मॉन्ट्रियल-न्यूयॉर्क 'बाहेरची', असं नकाशा बघून कोणी म्हणणार नाही. दुखणं पश्चिमेचं, औषध दोघांना.

गणिती_गोट्या

मतं पुरे, हिशोब करू. स्प्रेडशीटमध्ये पर्यायी ब्रॅकेट मांडायचं असेल तर कृती अशी:

१. प्लेऑफला पात्र ठरलेले आठ संघच घ्या. सध्याच्या नियमांत पात्रता क्वचितच बदलते. बदलते ती जोडी.

२. रकाने: गुण, डिव्हिजन, डिव्हिजनमधलं स्थान, आणि बरोबरी फोडायला ६० मिनिटांतले (ओव्हरटाइम किंवा शूटआउट न लागता मिळालेले) विजय. इथे बरेच जण चुकतात. ६० मिनिटांतले विजय हा पहिला निकष २०१९-२० पासून आहे. त्याआधी, २०१०-११ पासून, शूटआउट वगळून सगळे विजय धरायचे. जुन्या हंगामाला नवा निकष लावला की सातवा-आठवा उलटसुलट होतो.

३. दोन आवृत्त्या वेगळ्या ठेवा. 'शुद्ध' म्हणजे फक्त गुण. 'राखीव' म्हणजे दोन डिव्हिजन विजेते १ आणि २, बाकी गुणांनी. वाद घालताना लोक एकीचं उदाहरण देऊन दुसरीचं समर्थन करतात.

४. मग जोड्या लावा आणि खऱ्या जोड्यांशी ताडून बघा.

२०२२, पश्चिम. कोलोरॅडो ११९, मिनेसोटा ११३, कॅल्गरी १११, सेंट लुइस १०९, एडमंटन १०४, लॉस एंजेलिस ९९, डॅलस ९८, नॅशव्हिल ९७. प्रत्यक्षात मिनेसोटाला सेंट लुइस मिळालं, ११३ विरुद्ध १०९. शुद्ध पद्धतीत डॅलस मिळालं असतं, ११३ विरुद्ध ९८. राखीव पद्धतीत कॅल्गरी दुसरं, म्हणून मिनेसोटाला लॉस एंजेलिस. कुठूनही बघा, मिनेसोटाचा तोटाच झाला. सेंट लुइसने त्यांना सहा सामन्यांत घरी पाठवलं.

२०२५, पूर्व. वॉशिंग्टन १११, टोरांटो १०८, टँपा १०२, कॅरोलायना ९९, फ्लोरिडा ९८, ओटावा ९७, न्यू जर्सी ९१, मॉन्ट्रियल ९१. प्रत्यक्षात १०२ गुणांच्या टँपाला फ्लोरिडा (९८) आणि ९९ गुणांच्या कॅरोलायनाला न्यू जर्सी (९१). शुद्ध १ ते ८ मध्ये कॅरोलायना-फ्लोरिडा ही चौथा-पाचवा जोडी, आणि टोरांटोला न्यू जर्सी. म्हणजे मेट्रो कमकुवत असल्याचं बक्षीस कॅरोलायनाला.

२०२५, पश्चिम. विनिपेग-सेंट लुइस आणि व्हेगस-मिनेसोटा या दोन जोड्या दोन्ही पद्धतींत त्याच. फक्त डॅलस-कोलोरॅडो आणि लॉस एंजेलिस-एडमंटन यांची अदलाबदल होऊन डॅलस-एडमंटन आणि लॉस एंजेलिस-कोलोरॅडो.

आता धागाकर्त्यांचं टोरांटो २०२२. पूर्व: फ्लोरिडा १२२, कॅरोलायना ११६, टोरांटो ११५, रेंजर्स ११०, टँपा ११०, बोस्टन १०७, पिट्सबर्ग १०३, वॉशिंग्टन १००. शुद्ध पद्धतीत तिसऱ्या टोरांटोसमोर सहावं कोण? बोस्टन. टँपातून सुटून बोस्टनच्या तावडीत. आणि २०२३ मध्ये तर टोरांटो (१११) शुद्ध पद्धतीत चौथं, समोर रेंजर्स (१०७). प्रत्यक्षात त्यांना ९८ गुणांचं टँपा मिळालं आणि ते जिंकले. त्या वर्षी डिव्हिजन पद्धत टोरांटोवर मेहेरबान होती.

हिमसागर

टोरांटोचं मान्य. उदाहरण घाईत दिलं, मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही.

पॉवरप्ले

@गणिती_गोट्या, आकडे आवडले, आणि ते माझ्याच बाजूने बोलतात. २०२५ च्या पश्चिमेत चारपैकी दोन जोड्या त्याच राहतात, बाकी ठिकाणी कोणाचं भलं, कोणाचं वाटोळं. मग एवढा आटापिटा कशासाठी? अजून एक: टोरांटो-बोस्टन पहिल्या फेरीत २०१३, २०१८, २०१९ आणि २०२४ मध्ये झाले, चारही वेळा सात सामने, चारही वेळा बोस्टन. यातलं २०१३ जुन्या कॉन्फरन्स पद्धतीतलं आहे!

गणिती_गोट्या

@पॉवरप्ले, मग दुसरं उदाहरण घ्या. एडमंटन विरुद्ध लॉस एंजेलिस पहिल्या फेरीत: २०२२, २०२३, २०२४, २०२५. सलग चार वर्षं, चारही एडमंटनने जिंकल्या. आता शुद्ध १ ते ८ लावा.

२०२२: एडमंटनला सेंट लुइस, लॉस एंजेलिसला कॅल्गरी.
२०२३: लॉस एंजेलिसला डॅलस (१०८ विरुद्ध १०४). एडमंटन दुसरं किंवा तिसरं, म्हणजे सिएटल नाहीतर मिनेसोटा.
२०२४: एडमंटनला कोलोरॅडो (१०७ विरुद्ध १०४).
२०२५: वर दिलंय, डॅलस.

चारपैकी शून्य. राखीव आवृत्ती लावली तरी शून्य. वैर वगैरे ठीक, पण चौथ्या वर्षी तेच दोन संघ बघताना वैर कमी आणि पुनःप्रक्षेपण जास्त वाटतं. दोन-तीन क्रमांकांची सक्तीची जोडी हे त्याचं यांत्रिक कारण. डिव्हिजनमध्ये वरचे तीन-चार संघ वर्षानुवर्षं तेच राहिले की तीच लढत पुन्हा पुन्हा छापली जाते.

निळीरेष

आता माझ्या तिसऱ्या किल्लीकडे. पहिल्या फेरीवर आपण फार वेळ घालवतोय. जास्त नुकसान दुसऱ्या फेरीत होतं, कारण ब्रॅकेट डिव्हिजनला बांधलेलं आहे.

२०१८, पश्चिम: नॅशव्हिल ११७, विनिपेग ११४. लीगमधले पहिले दोन. दोघेही सेंट्रलचे, म्हणून दुसऱ्या फेरीत भेटणं ठरलेलंच. सात सामने झाले, विनिपेग जिंकलं आणि पुढच्या फेरीत व्हेगसकडून पाच सामन्यांत हरलं. १ ते ८ लावले असते तर नॅशव्हिल-कोलोरॅडो (तीच जोडी), विनिपेग-लॉस एंजेलिस, व्हेगस-सॅन होजे, मिनेसोटा-अ‍ॅनाहाइम. पहिला आणि दुसरा कॉन्फरन्स फायनलच्या आधी भेटूच शकत नाहीत, कारण ब्रॅकेटच्या वरच्या अर्ध्यात १-८ आणि ४-५, खालच्या अर्ध्यात २-७ आणि ३-६. यासाठी पुन्हा क्रमवारीचीही गरज नाही.

वाइल्ड कार्डने तर 'डिव्हिजन' या शब्दालाही अर्थ ठेवलेला नाही. २०२४: पॅसिफिकचं व्हेगस सेंट्रलच्या ब्रॅकेटमध्ये डॅलसविरुद्ध, आणि सेंट्रलचं नॅशव्हिल पॅसिफिकच्या ब्रॅकेटमध्ये व्हँकुव्हरविरुद्ध. दोघांनी घरं बदलली. नियमच तसा, वरच्या विजेत्याला खालचं वाइल्ड कार्ड. मग वैर आणि टाइमझोन कुठे गेले, पॉवरप्ले साहेब?

आणि उलटं प्रलोभन. २०१७ मध्ये मेट्रोत चौथे आलेले रेंजर्स (१०२) वाइल्ड कार्ड म्हणून अटलांटिकमध्ये गेले, मॉन्ट्रियल (१०३) समोर. तिसरे आले असते तर समोर पिट्सबर्ग (१११) आणि पुढे वॉशिंग्टन. चौथं येणं तिसरं येण्यापेक्षा फायद्याचं, अशी पद्धत कुठल्याच खेळात बरी नव्हे. पुढच्या फेरीत घरच्या बर्फाचा फायदाही रेंजर्सनाच होता, तरी ओटावाने...

एकटा_गोली

@निळीरेष, दुरुस्ती. तो फायदा ओटावाला होता, ९८ गुण असूनही. पहिल्या दोन फेऱ्यांत डिव्हिजनमधल्या स्थानावर आलेला संघ वाइल्ड कार्डच्या वर धरला जातो. पहिले दोन सामने ओटावात झाले. ओटावाच्या पाझोचे चार गोल तिथल्याच दुसऱ्या सामन्यातले. गुणांवर घरचं बर्फ ठरतं ते कॉन्फरन्स फायनलपासून.

निळीरेष

बरोबर, चुकलो. म्हणजे माझा मुद्दा अजून घट्ट झाला: १०२ गुणांचा संघ ९८ वाल्याच्या घरी मालिका सुरू करतो.

एकटा_गोली

पुन्हा क्रमवारी लावण्याबद्दल लिहायचं होतंच. ऐकायला छान, करायला त्रास. कारणं अशी:

बांधलेल्या ब्रॅकेटमध्ये शेजारच्या दोन मालिका संपल्या की पुढची मालिका लगेच जाहीर करता येते, बाकी मालिका चालू असल्या तरी. पुन्हा क्रमवारी असेल तर कॉन्फरन्समधली चौथी मालिका संपेपर्यंत एकही जोडी पक्की होत नाही. चार सामन्यांत मोकळा झालेला संघ आठवडाभर सराव करत बसतो, समोर कोण ते माहीत नसताना.

त्यात रिंगणं भाड्याची किंवा वाटून घेतलेली. बोस्टन, टोरांटो, रेंजर्स, डॅलस, कोलोरॅडो, वॉशिंग्टन, शिकागो या सगळ्यांच्या इमारतीत एनबीएचा संघही खेळतो, आणि एनबीएचे प्लेऑफ नेमके त्याच एप्रिल-मेमध्ये. बर्फावर लाकडी फळ्या टाकून बास्केटबॉलचं मैदान एका रात्रीत उभं राहतं, पण एकाच संध्याकाळी दोन सामने होत नाहीत. तारखांसाठी ओढाताण असतेच, ती वाढते.

२०२० मध्ये लीगने प्रत्येक फेरीनंतर क्रमवारी लावली, कारण सगळे संघ टोरांटो आणि एडमंटनच्या बबलमध्येच होते. विमानं नाहीत, प्रेक्षक नाहीत, मग हरकत कसली.

फायदा किती? २०१९ घ्या, चारही डिव्हिजन विजेते पहिल्या फेरीत गारद झाले ते वर्ष. यापेक्षा मोठी उलथापालथ कुठली? पूर्वेत उरले बोस्टन १०७, न्यूयॉर्कचाच दुसरा संघ आयलंडर्स १०३, कॅरोलायना ९९, कोलंबस ९८. गुणांनुसार लावा: बोस्टन-कोलंबस, आयलंडर्स-कॅरोलायना. झालंही तेच. पश्चिमेत सॅन होजे १०१, सेंट लुइस ९९, डॅलस ९३, कोलोरॅडो ९०; सॅन होजे-कोलोरॅडो, सेंट लुइस-डॅलस. तेही तेच! उलट २०२३ च्या पूर्वेत फरक पडला असता. ९२ गुणांच्या फ्लोरिडाने १३५ वाल्या बोस्टनला हरवलं, आणि बक्षीस मिळालं टोरांटोला. कॅरोलायना (११३) मात्र न्यू जर्सी (११२) समोर. पुन्हा क्रमवारी असती तर कॅरोलायना-फ्लोरिडा, न्यू जर्सी-टोरांटो.

त्यामुळे माझं मत: १ ते ८ हो, पुन्हा क्रमवारी नको.

पाणीपुरी_पेनल्टी

आता कळायला लागलंय असं वाटतंय. पण २०२५ मध्ये कॅल्गरी ९६ गुणांवर बाहेर आणि मॉन्ट्रियल ९१ वर आत, हे १ ते ८ ने सुटतं का?

निळीरेष

नाही. तो पहिल्या किल्लीचा प्रश्न आहे, आणि फक्त लीगभर १६ घेतल्याने सुटतो. सेंट लुइस आणि कॅल्गरी दोघेही ९६. सेंट लुइस ६० मिनिटांतल्या विजयांवर आत. लीगभर क्रम लावला असता तर पश्चिमेचे नऊ आणि पूर्वेचे सात झाले असते, आणि शेवटच्या जागेसाठी ९१ वर बरोबरीत असलेले न्यू जर्सी आणि मॉन्ट्रियल. बाहेर मॉन्ट्रियल गेलं असतं. पण इथे मी कॉन्फरन्सच्या बाजूने आहे. कॅल्गरी पूर्वेशी ३२ सामने खेळतं आणि पश्चिमेशी ५०, मॉन्ट्रियलचं उलटं. इथली तुलना दोन सामन्यांच्या फरकाची नाही, अठरांच्या फरकाची आहे. एकाच कॉन्फरन्समधले गुण ताडता येतात, दोन कॉन्फरन्समधले तितक्या खात्रीने नाही.

पॉवरप्ले

वाइल्ड कार्डच्या घरबदलाचा मुद्दा खरंच बोचला. तडजोड सुचवतो: डिव्हिजनमधले पहिले दोनच थेट, प्रत्येक कॉन्फरन्सला चार वाइल्ड कार्ड. विजेते १ आणि २, उपविजेते ३ आणि ४, बाकी गुणांनी.

गणिती_गोट्या

लावून बघितलं. २०२२ पश्चिम: कोलोरॅडो १, कॅल्गरी २, मिनेसोटा ३, एडमंटन ४, मग सेंट लुइस १०९, लॉस एंजेलिस ९९, डॅलस ९८, नॅशव्हिल ९७. मिनेसोटा-लॉस एंजेलिस, एडमंटन-सेंट लुइस. मिनेसोटा सुटलं. पण १०४ गुणांच्या एडमंटनला १०९ वाल्या सेंट लुइसवर घरचं बर्फ. २०१२ चा फ्लोरिडावाला रोग, सौम्य स्वरूपात.

२०१७ पूर्व: वॉशिंग्टन १, मॉन्ट्रियल २, पिट्सबर्ग ३, ओटावा ४, मग कोलंबस १०८, रेंजर्स १०२, बोस्टन, टोरांटो. ओटावा (९८) विरुद्ध कोलंबस (१०८), ओटावाच्या घरी! दहा गुण कमी आणि घरचा फायदा.

घरचं बर्फ गुणांवर आणि जोडी स्थानावर, असं वेगळं केलं तर ही पद्धत चालेल. नियमात एक ओळ वाढेल.

एकटा_गोली

जोडीच्या बाबतीत पीडब्ल्यूएचएल या महिलांच्या हॉकी लीगने सगळ्यात सरळ उपाय केला: अव्वल संघानेच प्रतिस्पर्धी निवडायचा, तिसरा की चौथा. २०२४ मध्ये टोरांटोने चौथं मिनेसोटा निवडलं, २-० आघाडी घेतली आणि ३-२ ने हरलं. मिनेसोटा पुढे विजेतं. २०२५ मध्ये मॉन्ट्रियलने ओटावा निवडलं आणि तेही ३-१ ने हरलं.

हिमसागर

म्हणजे मानांकन समितीने ठरवा, तक्त्याने ठरवा, नाहीतर स्वतः निवडा, टोरांटोचं काही खरं नाही.

@पॉवरप्ले, घरच्या बर्फाची ओळ घातली तर तुमच्या २+४ ला माझी हरकत नाही. फक्त ब्रॅकेट १-८/४-५ आणि २-७/३-६ असंच बांधलेलं हवं. ते डिव्हिजनला बांधून ठेवलं तर २०१८ चं नॅशव्हिल-विनिपेग पुन्हा दुसऱ्याच फेरीत.

पॉवरप्ले

ब्रॅकेट चालेल. पश्चिमेत सामन्यांच्या वेळा मात्र स्थानिक संध्याकाळी सहाला आणा. इथे भारतात बघणाऱ्यांनाही बरं: न्यूयॉर्कचा सातचा सामना पहाटे साडेचारला आणि व्हँकुव्हरचा सातचा सकाळी साडेसातला, ऐन ऑफिसच्या वेळेत.

गणिती_गोट्या

२०२६-२७ पासून हंगाम ८४ सामन्यांचा होतोय. जादा दोन सामने डिव्हिजनमध्ये गेले तर २८-२४-३२, म्हणजे निळीरेष यांच्या दोनच्या फरकाचा चार होईल. तेव्हा हाच हिशोब पुन्हा मांडावा लागेल. फाइल तयार आहे, ६० मिनिटांतल्या विजयांचा रकाना तेवढा भरायचा.